दोन बटणं

हातमोजा काढून मी हरणाच्या कपाळावरून बोटं फिरवली. दोन कानांच्या मध्ये, केसांखाली, डावीकडे एक टेंगूळ लागलं. मग उजवीकडे दुसरं. कोटाच्या बटणाएवढी, कडक, कातडीने झाकलेली. मी बोटं परत मागे नेली, पुन्हा पुढे आणली. दोन्ही तिथेच होती. मादी समजून ज्याला मी गोळी घातली होती, ते सहा महिन्यांचं नर पाडस होतं.

ही २०२२ च्या डिसेंबरातली संध्याकाळ. जागा पेन्सिल्व्हेनियाच्या मध्यावरच्या हंटिंग्डन काउंटीतल्या एका मक्याच्या शेताची कड. मका कापून झाला होता, खुंटांवर बर्फ भुरभुरत होता. अशा पाडसाला इकडचे शिकारी ‘बटन बक’ म्हणतात. कायद्याने माझ्याकडून काहीच वावगं झालं नव्हतं. तीन इंचांपेक्षा आखूड शिंगं असलेलं हरीण इथे बिनशिंगाचंच धरतात, आणि बिनशिंगाच्या हरणाचा परवाना माझ्या खिशात होता. पण तो परवाना मी काढला होता तोच मुळी आपल्या हातून कोवळा नर मरू नये म्हणून. मी बराच वेळ तिथे बसून राहिलो. अंधार पडला तेव्हा शेजाऱ्यांना फोन केला.

मी मूळचा राजापूर तालुक्यातला. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, भातात डुकरं उतरायची म्हणून. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा येण्याआधी वाडीची पारध निघायची, हाकारे, कुत्रे, सगळा लवाजमा. मी त्यातलं काही पाहिलेलं नाही, नुसतं ऐकलंय. आजोबांच्या सांगण्यातल्या दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात राहिल्या. एक, ‘गाभणीवर नि पाडसावर बार टाकायचा नाय.’ दुसरी, वाटे. डुक्कर पडलं की बंदूकवाल्याचा वाटा, हाकाऱ्यांचे वाटे, कुत्र्याचाही वाटा, आणि ज्या घरात पुरुषमाणूस उरलेला नाही त्या घरालाही मांसाचं पान जायचं. आज महाराष्ट्रात कुणी भेकराला गोळी घातली तर त्याला शिक्षा व्हायलाच हवी, असं मी मानतो. सह्याद्रीतल्या भेकराची अवस्था आणि इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाची अवस्था यांची तुलनाच होत नाही.

इथलं हरीण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला जवळजवळ संपलं होतं. १८९५ मध्ये राज्याचं गेम कमिशन, म्हणजे शिकार आणि वन्यप्राणी सांभाळणारं खातं, स्थापन झालं, १९०६ पासून बाहेरच्या राज्यांतून हरणं आणून सोडली, १९०७ मध्ये माद्यांना संरक्षण दिलं. मग ती इतकी वाढली की जंगलच खाऊ लागली. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. रॉथरॉक स्टेट फॉरेस्टमध्ये मी दर रविवारी चालायला जातो. तिथे काही तुकड्यांना वनखात्याने आठ फूट उंच जाळीचं कुंपण घातलंय. कुंपणाच्या आत ओकची रोपं, रानफुलं, कमरेएवढी हिरवळ. बाहेर हरणांना न आवडणारं नेचं, आणि वर म्हातारी झाडं. मधली पिढीच नाही. लांडगे आणि प्यूमा इथून शंभरेक वर्षांपूर्वीच संपवले गेले. त्या जाळीपाशी उभा राहून मी पहिल्यांदा ठरवलं की मांस खायचंच आहे तर ते या जंगलातून घ्यावं, आणि स्वतःच्या हाताने घ्यावं.

गावच्या अग्निशमन केंद्राच्या सभागृहात शिकारीचं शिक्षण घेतलं. शिकवणारे सगळे स्वयंसेवक. सबंध दिवसातला बराचसा वेळ एकाच गोष्टीवर गेला: घोडा ओढण्याआधी समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे हे ठाऊक असलं पाहिजे. डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच भडक नारिंगी कापड अंगावर हवं. घरांपासून १५० यार्डांच्या आत बार नाही. परीक्षा झाली, कार्ड मिळालं. त्या वर्गात माझ्या शेजारी एक बारा वर्षांची मुलगी आणि तिचा बाप बसले होते. ती माझ्यापेक्षा भराभर उत्तरं लिहीत होती.

इथली माणसं हरीण मारलं असं सहसा म्हणत नाहीत, ‘हार्वेस्ट’ केलं म्हणतात, म्हणजे कापणी. मला मराठीत तो शब्द वापरवत नाही. भाताची कापणी होते, हरीण मारतात किंवा पाडतात. मनाशी बोलताना मी ‘मारलं’ हाच शब्द धरून राहिलो, आणि त्यामुळे पुढचा सगळा विचार सोपा झाला नाही पण सरळ राहिला.

खरे शिक्षक म्हणजे आमचे शेजारी. वय ७१, कागदाच्या गिरणीतून निवृत्त, साठ एकर जमीन आणि तिच्या कडेला वाकडंतिकडं लाकडी मचाण. त्यांनी मला नियम समजावला तो असा. वर्षाला एकच शिंगवाला नर. आमच्या भागात त्याच्या एका शिंगाला तरी तीन फाटे हवेत. हा नियम २००२ मध्ये आला. गॅरी अल्ट नावाचा जीवशास्त्रज्ञ तेव्हा हरणांच्या विभागाचा प्रमुख होता. त्याने गावोगाव सभा घेतल्या, आणि लोक त्याच्यावर भयंकर चिडले, कारण पिढ्यान्‌पिढ्या इथे नर दिसला की पाडायचा आणि मादीला हात लावायचा नाही अशीच रीत होती. त्या रीतीपायी मारल्या जाणाऱ्या नरांपैकी ८० टक्क्यांहून जास्त दीड वर्षाचे असायचे. आपल्या पहिल्या शिंगांनिशी मरायचे. आता दोनतृतीयांशच्या आसपास नर अडीच वर्षांचे किंवा त्याहून मोठे असतात. मराठीत आपण सगळ्यालाच शिंग म्हणतो, पण गाईचं शिंग आणि हरणाचं शिंग वेगळं. सांबराची, चितळाची जशी गळतात तशी या हरणाचीही दर हिवाळ्यात गळतात आणि वसंतात नवी फुटू लागतात. म्हणून एक वर्ष जगू दिलं की शिंगं वाढतात. सगळा वाद त्या एका वर्षाचा आहे.

२०२१ हा माझा पहिला मोसम. थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरअखेरच्या सणानंतरचा शनिवार, उजाडायला अजून वेळ. आठच्या सुमाराला एक नर चाळीस पावलांवरून चालत आला. दोन्ही बाजूंना तीन-तीन फाटे, म्हणजे नियमात बसणारा. पण शेजाऱ्यांनी सांगितलेल्या सगळ्या खुणा दिसत होत्या. पाय शरीराच्या मानाने लांब, मान मादीसारखी बारीक, पोट वर ओढलेलं, शिंगांची रुंदी कानांच्या आतच. मादीच्या डोक्यावर शिंगं ठेवावीत तसा दिसत होता. दीड वर्षाचा. मी बंदूक खाली ठेवली. तो ओकची फळं खात खात उतरून गेला. मला फार बरं वाटलं, उगाच मोठं झाल्यासारखं.

संध्याकाळी हे शेजाऱ्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, “का सोडलास?”

“लहान होता.”

“तुला भिंतीवर शिंगं लावायचीत?”

“नाही. मला मांस हवंय.”

“मग तो मोठा झाल्यावर तू त्याचं काय करणार होतास?”

मला उत्तर सुचलं नाही. त्यांनीही आग्रह धरला नाही, लाकडं आत घेऊन गेले.

त्याच आठवड्यात त्यांच्या नातीने, वय १३, एक नर पाडला. नुसते दोन सुळे, फाटा एकही नाही. याला ‘स्पाइक’ म्हणतात. लहान मुलांना तीन फाट्यांच्या नियमातून सूट आहे, तिचं सगळं कायद्यात होतं. पन्नास यार्डांवरून एकच गोळी, फुप्फुसांतून आरपार, हरीण वीस पावलांत पडलं होतं. अंगणात ते टांगलेलं असताना एक ओळखीचे गृहस्थ आले, बघितलं आणि म्हणाले, “एक वर्ष थांबली असतीस तर याचं काहीतरी झालं असतं.” मुलीच्या चेहऱ्यावरचा आनंद तिथल्या तिथे विझला. ती आत निघून गेली. मी बाजूलाच उभा होतो आणि गप्प राहिलो. खरं सांगायचं तर मनातून मला त्यांचंच पटलं होतं. आठवडाभरापूर्वी मी एक सोडला होता ना. त्या गप्प राहण्याची मला आजही लाज वाटते.

त्या हिवाळ्यात मी यावर जे मिळेल ते वाचलं, गेम कमिशनच्या माणसांना भेटलो, शेजाऱ्यांशी वाद घातले. एकेक गोष्ट उलगडत गेली.

‘एकदा स्पाइक तो कायमचा स्पाइक’ ही समजूत खोटी आहे. पाडस उशिरा जन्मलं, आईला चारा कमी पडला, की पहिलं शिंग नुसता सुळा निघतं. पुढच्या वर्षी तोच नर आठ फाट्यांचा होऊ शकतो. म्हणजे ते गृहस्थ अगदीच चुकीचं बोलत नव्हते. पण तीन फाट्यांच्या नियमाची दुसरी बाजू कुणी फारशी बोलत नाही. दीड वर्षाच्या नरांत ज्याची शिंगं पहिल्याच वर्षी भरून आली तोच नियमात बसतो आणि मरतो, किरकोळ शिंगांचा वाचतो. नियम वय मोजत नाही, फाटे मोजतो. लांबून, झाडीतून, धडधडत्या छातीने वय ओळखणं सगळ्यांना जमणार नाही म्हणून ती सोय केलेली आहे. सोय म्हणून चांगली आहे. पण सोयीलाच आपण नीती म्हणू लागलो की तेरा वर्षांच्या मुलीला अपराधी वाटतं.

मग ते ‘सोडलेल्याचं’ काय होतं? पेन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी कमिशनबरोबर कोवळ्या नरांच्या गळ्यात रेडिओचे पट्टे बांधून ते पाहिलंय. निम्म्याहून जास्त दीड वर्षाचे होईपर्यंत आईचा मुलूख सोडतात आणि काही मैल लांब जाऊन राहतात. तुम्ही आपल्या शेतात वाचवलेला नर मोठा होतो तो दुसऱ्याच कुणाच्या रानात. मला ही गोष्ट आवडली. पण म्हणूनच ‘माझा नर’, ‘मी वाढवतोय तो नर’ ही भाषा मला पटेनाशी झाली.

आणि आजार. हरणांचा मेंदू पोखरणारा सीडब्ल्यूडी नावाचा रोग पेन्सिल्व्हेनियात २०१२ मध्ये पहिल्यांदा सापडला, रानातल्या हरणांत तो आमच्या शेजारच्याच ब्लेअर आणि बेडफोर्ड काउंटींत निघाला. त्यावर औषध नाही, लस नाही. लागण सर्वांत जास्त आढळते ती मोठ्या नरांत, कारण ते फिरतात फार आणि चाटाचाटी, भांडणं फार करतात. म्हणजे नर म्हातारे होऊ देण्याचीही किंमत आहे. मिसुरी राज्याने रोगाच्या पट्ट्यातल्या काउंटींतून फाट्यांचा नियम काढूनच टाकला. आमच्याकडे तो राहिलाय. दोन्हीकडचे जाणकार प्रामाणिक आहेत, मी दोघांचंही ऐकतो.

कळपात थोडे मोठे नर असावेत हे मला मान्य आहे. माजाचा मोसम वेळेवर उरकतो, पाडसं वेळेवर जन्मतात. पण जंगल वाचायचं असेल तर प्रश्न माद्यांचा आहे. नर कितीही सोडा, पाडसं मादीलाच होतात. म्हणून पुढच्या उन्हाळ्यात मी बिनशिंगाच्या परवान्यासाठी अर्ज केला. तेव्हा तो गुलाबी पाकिटात घालून काउंटीच्या खजिनदाराला टपालाने पाठवायचा असायचा. परवाने मोजके, पाकीट उशिरा गेलं की संपले. माझा मिळाला. मला वाटलं, आता गुंता सुटला. नर मारायचाच नाही, मादी मारायची. जंगलालाही बरं, मनालाही बरं.

त्या संध्याकाळी शेताच्या कडेला एकच हरीण आलं. एकटंच. एकशेवीस यार्डांवर, उजेड उतरलेला, दुर्बिणीत डोक्यावर काही नाही. बाजूला दुसरं हरीण नाही, कुंपणाचा खांब नाही, ज्याच्याशी आकार ताडून बघावा असं काहीच नाही. मला ते पूर्ण वाढलेलं दिसलं, कारण मला तसं दिसायला हवं होतं. हरीण जागीच कोसळलं. चालत जवळ जाताना ते प्रत्येक पावलागणिक लहान होत गेलं.

शेजारी टॉर्च घेऊन आले. त्यांनी माझी समजूत घातली नाही. पाडसाचा जबडा उघडून मला आत बघायला लावलं. मोठ्या हरणाच्या जबड्यात एका बाजूला सहा दाढा असतात, इथे त्या पुऱ्या आल्याच नव्हत्या. मग डोकं हातात धरून दाखवलं. मादीचा माथा कानांमध्ये गोलसर असतो, याचा सपाट. मुस्कट आखूड. अंग बघ, चौकोनी पेटीसारखं आहे, मोठी मादी लांबट दिसते. आणि मग म्हणाले, “संध्याकाळी एकटंच पहिल्यांदा उघड्यावर येतं ते बहुतेक हेच असतं. याला अजून भीती ठाऊक नसते.”

ते वाक्य माझ्या आत जाऊन बसलं.

परवान्याची चिठ्ठी भरून हलवण्याआधी कानाला बांधायची असते, ती बांधली. पोट साफ केलं. अंगातली वाफ बर्फावर येत होती. पुरतं पंचवीस किलोही भरलं नसेल, मी एकट्याने ओढत नेलं. दहा दिवसांच्या आत कमिशनला कळवायचं असतं, त्याच रात्री कळवलं. अर्जात विचारतात, नर की मादी. ‘नर’ लिहिताना मी थांबलो, मग लिहिलं. डोकं तपासणीसाठी कमिशनच्या पेटीत टाकून आलो.

राजापूरला आईला फोनवर सांगितलं. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “टाकून नको देऊस हां.” नाही टाकलं. अहवाल आला, रोग आढळला नाही, तोवर मांस तसंच गोठवून ठेवलं होतं. मग हाडांसकट सगळं वापरलं. इतकं कोवळं मटण मी कधी खाल्लं नव्हतं, आणि ते चांगलं लागत होतं याचाच त्रास होत होता.

आजोबांचा नियम मी मोडला होता का, हे मी पुष्कळ दिवस घोळवत राहिलो. हरणांच्या संख्येच्या हिशेबात त्या पाडसाने काही फरक पडत नाही. अस्वलं, कोल्ह्यासारखे कोयोटी, हिवाळा मिळून कितीतरी पाडसं पहिल्या वर्षातच नेतात. वय लहान होतं हे मला बोचत होतं, पण खरा सल वेगळा होता. मला माहीत नव्हतं आणि मी माहीत आहे असं धरून घोडा ओढला. पहिल्या दिवशी अग्निशमन केंद्रात जे शिकवलं तेच मी केलं नव्हतं. त्या मुलीने तिच्या स्पाइककडे पाहिलं होतं, तो काय आहे हे तिला नेमकं ठाऊक होतं, आणि एका गोळीत त्याला संपवलं होतं. आम्हा दोघांत शिकारी म्हणून कोण बरोबर वागलं, हे मला तेव्हा कळलं. वसंतात एकदा ती आजोबांकडे आली असताना मी तिला हे सांगितलं. त्या दिवशी अंगणात मी बोलायला हवं होतं, हेही. ती म्हणाली, “मला आठवतंय, तुम्ही तिथे होतात.”

पुढचा मोसम २०२३ चा. आता एकट्या बिनशिंगाच्या हरणावर बंदूक उचलायची नाही आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत तर नाहीच, हे पक्कं केलं होतं. एका संध्याकाळी तीन हरणं एकत्र आली. एक मोठं, दोन लहान. शेजारी शेजारी उभी राहिल्यावर किती फरक दिसतो! मोठी मादी लांब मुस्कटाची, बाकीची दोघं चौकोनी. मी वाट बघत राहिलो, मादी एका पाडसाच्या पुढून बाजूला होईचना, आणि उजेड गेला. बंदूक रिकामी करून घरी आलो.

दुसऱ्या शनिवारी सकाळी तो आला. दोन्ही बाजूंना तीन फाटे, बारीक मान, लांब पाय. अगदी पहिल्या वर्षी सोडला होता तसाच. तो तो नव्हता, पण त्याच वयाचा. मी त्याला पुष्कळ वेळ दुर्बिणीतून बघितलं. नर आहे, दीड वर्षाचा आहे, नियमात आहे, मागे टेकडीची माती आहे, साठ यार्ड आहेत, आडवा उभा आहे. घरात मागच्या वर्षीचं मांस संपलंय. आणखी दोन वर्षांनी तो केवढा झाला असता हे मला माहीत होतं. तेही धरून मी गोळी घातली. तो तीस पावलं धावला आणि पडला.

जबडा मीच उघडला. पुढून तिसरी दाढ तीन उंचवट्यांची, झिजलेली, हलत होती. तिच्या खालून दोन उंचवट्यांची पक्की दाढ वर येत होती. दीड वर्षाच्या हरणाची ही न चुकणारी खूण. अजून एक-दोन महिन्यांत ती पडली असती.

अहवाल यायला काही आठवडे गेले. आला तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी वाटे घातले. एक शेजाऱ्यांचा. एक त्यांच्या पलीकडच्या, गेल्या वर्षी नवरा गेलेल्या बाईंचा. एक आमचा. एक वेगळा काढून कागदात बांधला, मागच्या पायाचा चांगला तुकडा, आणि शेजाऱ्यांकडे गेलो तेव्हा त्यांच्या नातीच्या हातात दिला. ती आता १५ वर्षांची आहे.

“किती फाट्यांचा होता?” तिने विचारलं.

“दीड वर्षाचा होता,” मी म्हणालो.

तिने पुडकं हातात तोलून बघितलं. “माझापण तेवढाच होता,” ती म्हणाली, आणि आत घेऊन गेली.